मेमरीचं रेशनकार्ड

मंडळी, संगणकात प्रोग्रॅम अनेक, पण मेमरी एकच. ती कुणाला किती द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये 'सेटआरलिमिट' आलं. पण ते रेशन माणशी होतं! एका प्रोग्रॅमने दहा पोरं काढली (संगणकवालेही त्यांना 'चाइल्ड'च म्हणतात बरं का) की प्रत्येकाला पुन्हा तेवढाच वाटा. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल एखादा प्रोग्रॅम सरळ मारून टाकतो, आणि मरणारा हावराच असेल असं नाही...

२००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी प्रोग्रॅमांचे गट करून हिशेब ठेवायचं काम सुरू केलं. त्यातून झालेले 'कंट्रोल ग्रुप' जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये आले. एप्रिलमध्ये, २.६.२५ बरोबर, गटाला मेमरीची मर्यादाही आली. त्यात आयबीएमच्या बलबीर सिंग यांचा मोठा वाटा. आता कार्ड सगळ्या कुटुंबाचं! मर्यादा ओलांडली आणि जागा मोकळी करता आली नाही, तर बळी त्याच घरातला. एकाच्या दंग्यासाठी अख्खा वर्ग उभा करणाऱ्या मास्तरांना हे पटायचं नाही म्हणा. २०१३ मध्ये आलेलं डॉकर लिनक्सवर आपल्या डब्यांना मेमरीची मर्यादा घालतं, ती याच कार्डावर.