टाचेतले चार थेंब

इथे इंग्लंडात बाळ पाच दिवसांचं झालं की त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे चार थेंब कागदावर घेतात. मी याचा इतिहास शोधला.

१९५१ साली बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळात डॉ. हॉर्स्ट बिकेल यांनी फेनिलकीटोन्युरिया झालेल्या चिमुरडीला खास आहार सुरू केला. ती सुधारली, रांगू लागली; पण मेंदूची आधी झालेली हानी भरून आली नाही. उपाय सापडला, पण उशिरा! म्हणून १९६९ पासून देशभर नवजात बाळांची तपासणी सुरू झाली.

२००९ पर्यंत इंग्लंडभर त्यात ‘एमकॅड’ची भर पडली. या दुर्मिळ आजारात बाळ आजारपणात फार वेळ उपाशी राहिलं तर दगावू शकतं. मुख्य उपाय? उपाशी ठेवायचं नाही! पण ते आधी कळायला हवं ना?