मुलकी दाखला ते मतदार यादी

परदेशी माणूस आपल्या गावात वर्षानुवर्षे राहिला, तर त्याला मत असावे का? नांदेड-लातुरात हा वाद सहसा निघत नाही. आपला-परका हा वाद इथे जुना आहे, पण तो नोकरीवरून.

नांदेड-लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात. निझामाच्या 1919 च्या फर्मानाने संस्थानातली सरकारी नोकरी 'मुलकी', म्हणजे संस्थानातल्याच, माणसापुरती राखली. बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचे, तर किमान 15 वर्षांचे कायम वास्तव्य हवे. शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिल्याचे, मॅजिस्ट्रेटची सही असलेले प्रतिज्ञापत्र. मनातला विचारसुद्धा कागदावर सोडून द्यायचा! बार्शी लाईट रेल्वेतून लातूरला उतरलेला मराठी माणूस त्यामुळे गैरमुलकी, कारण बार्शी इंग्रजी मुलखात. भाषा, सोयरीक, बाजार एकच असून उपयोग नव्हता.

मग आली 1952 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार यादीने मुलकी दाखला मागितलाच नाही. भारताचे नागरिकत्व, वयाची 21 वर्षे आणि त्या गावचे वास्तव्य एवढे पुरे. बार्शीकर आणि लातूरकर एकाच रांगेत उभे राहिले. गंमत अशी, की त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत 'गैरमुलकी, परत जा' म्हणत मोर्चे निघाले, गोळीबार झाला. मताला कुणाची हरकत नव्हती. साहेबाच्या खुर्चीला होती. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद मागे पडले. तरी 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात स्थानिकांच्या नोकऱ्यांची मागणी होतीच.

खरा परदेशी मात्र कुणाच्या हिशेबात नाही. रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत कॉलनीत फिरणारा नेपाळी गुरखा महिन्याच्या महिन्याला दारात पैसे न्यायला येतो. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहता, कमावता येते. मत नाही, कारण संविधानाच्या कलम 326 नुसार ते फक्त नागरिकाला. त्याला ते मिळावे असे कुणी म्हणत नाही, मिळू नये असेही नाही.

उलट बाजू ब्रिटनमध्ये दिसते. तिथे कायदेशीर राहणारा भारतीय, अगदी लातूरहून शिकायला गेलेला पोरगासुद्धा, राष्ट्रकुलातला म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. घरी कौतुकच होईल. तोच पुढे ब्रिटिश नागरिक झाला, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड घेऊन लातूरला कायमचा परतला, तरी वडिलांच्या शेजारी रांगेत उभे राहता येणार नाही. माझ्या मते हरकत निघालीच, तर ती या पोराच्या बाजूने निघेल. गुरख्यासाठी कुणी अर्ज लिहिणार नाही.