'झेड'पर्यंतची वाट

बाटलीत भरलेल्या, फसफसणाऱ्या गोड पेयाला तुमच्याकडे काय म्हणतात? १९६५ ते १९७० या काळात हा प्रश्न अमेरिकेतल्या १,००२ गावांत आणि शहरांत विचारला गेला. विचारणारे बहुतेक भाषाशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी होते. उत्तरे देणाऱ्यांत शेतकरी होते, शिक्षिका होत्या, दुकानदार होते, घर सांभाळणाऱ्या आजीबाई होत्या. त्यांच्यापुढच्या प्रश्नावलीत सोळाशेहून अधिक प्रश्न होते. पावसाची सर, शेताचे कुंपण, गुरांना घालायची हाक, कंजूष माणूस, प्रेमात पडलेला मुलगा अशा सगळ्यांना काय म्हणतात ते त्यात विचारलेले होते, आणि शीतपेयाचा प्रश्न या गर्दीतला एक होता. या उत्तरांतून जो कोश उभा राहिला त्याचे नाव 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश'. आद्याक्षरे जोडून लोक त्याला 'डेअर', म्हणजे 'धाडस', म्हणतात, आणि या कामाचा आवाका पाहिला की ते नाव योगायोगाने पडले असावे असे वाटत नाही.

कल्पना मात्र १९६५ची नव्हे. १८८९ साली 'अमेरिकन डायलेक्ट सोसायटी' स्थापन झाली ती मुळात अशा कोशाची आस धरूनच. तिकडे इंग्लंडात जोसेफ राइट यांनी बोलीकोशाचे सहा खंड १८९८ ते १९०५ या अवधीत काढून दाखवले. राइट लहानपणी गिरणीत काम करणारा मुलगा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचताही येत नव्हते. अमेरिकेतल्या मंडळींनी हे सगळे पाहिले, नियतकालिक काढले, शब्दांच्या याद्या छापल्या, दरवर्षी सभा भरवल्या. कोश काही निघेना. अशी सत्तरेक वर्षे गेली. संस्था चालू राहते आणि तिचे मूळ काम तसेच पडून राहते, हे चित्र आपल्याकडच्या वाचकाला अगदीच अपरिचित नसावे.

१९६२ साली फ्रेडरिक कॅसिडी यांनी सोसायटीपुढे कामाचा सविस्तर आराखडा मांडला, आणि मुख्य संपादकपदही त्यांच्याच गळ्यात पडले. कॅसिडी जन्माने जमैकाचे, १९०७ सालचे. तिथल्या लोकांची बोली आणि शाळेतली इंग्रजी या दोन्ही त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडलेल्या. रॉबर्ट ले पेज यांच्याबरोबर केलेला त्यांचा जमैकन इंग्लिशचा कोश १९६७ साली निघाला, म्हणजे अमेरिकेचे सर्वेक्षण ऐन रंगात असताना. विस्कॉन्सिन विद्यापीठात ते इंग्रजी शिकवत. तिथे ऑड्री डकर्ट यांच्यासोबत त्यांनी बोलीचे शब्द गोळा करण्याची एक पद्धत १९५३ सालीच लिहून काढली होती. 'डेअर'ची प्रश्नावली याच दोघांनी घडवली.

तिचा एक नियम महत्त्वाचा होता. विचारणाऱ्याने शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा नाही. 'तुम्ही याला पॉप म्हणता का?' असे विचारले की समोरचा भिडस्त माणूस 'हो, म्हणतो की' म्हणणार आणि सर्वेक्षण तिथेच फुकट जाणार. म्हणून वस्तूचे वर्णन करायचे आणि शब्दाची जागा रिकामी ठेवून थांबायचे. हे ऐकायला सोपे, करायला फार अवघड. सोळाशे प्रश्न एका बैठकीत संपत नाहीत. पुन्हापुन्हा त्याच घरी जावे लागे. शेतीचे प्रश्न एकाला, स्वयंपाकाचे दुसऱ्याला, असे एका गावात दोन-तीन जणांत वाटून द्यावे लागत. त्यामुळेच १,००२ ठिकाणी मिळून उत्तरे देणारे २,७७७ जण झाले. या तरुण मंडळींना फिरायला आणि प्रसंगी झोपायलाही 'वर्ड वॅगन' नावाच्या गाड्या दिलेल्या होत्या. सोबत टेप रेकॉर्डर असे. लोकांच्या गप्पा त्यावर ध्वनिमुद्रित होत. शिवाय अनेकांकडून एकच गोष्ट वाचून घेतली जाई: निर्णय घेता न येणाऱ्या आर्थर नावाच्या उंदराची. इंग्रजीचे वेगवेगळे उच्चार या एकाच उताऱ्यात येतील अशी ती रचलेली होती. सगळी मिळून १,८४३ ध्वनिमुद्रणे जमली. एकच उंदीर मेन राज्यातल्या आणि टेक्सासमधल्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात जी गंमत आहे ती छापील कोशात कुठून येणार?

उत्तरे देणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा होता, आणि तो मुद्दाम केलेला होता. जुने शब्द माणसांबरोबर जायच्या आत टिपायचे होते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या कोशातली अमेरिका त्यामुळे थोडी म्हातारी आणि थोडी जास्त खेड्यातली दिसते. मला हा दोष मोठा वाटत नाही. तरुणांचे शब्द नंतरही टिपता येतात.

वीस लाखांहून अधिक उत्तरे संगणकात भरली गेली, आणि हे साठच्या दशकात सुरू झाले याचे आज जास्त अप्रूप वाटते. त्यांतून नकाशे निघाले, पण पाहणारा आधी बिचकतो असे. गावे राज्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेली होती, म्हणून नकाशाही लोकसंख्येच्या मापाने काढला. त्यात न्यू यॉर्क फुगलेले आणि वायोमिंग आकसलेले. एकदा डोळा सरावला की एखादा शब्द कुठे दाटीने आहे आणि कुठे विरळ, हे एका नजरेत कळते.

पहिला खंड हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९८५ साली काढला, तेव्हा कॅसिडी अठ्ठ्याहत्तरीला आले होते, आणि खंड होता 'ए' ते 'सी' एवढाच. पुढचे खंड १९९१, १९९६ आणि २००२ साली आले. मेडिसन शहरात मेंडोटा तळ्याकाठच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या इमारतीत मोजकी माणसे एकेक शब्द तपासत बसली होती. सर्वेक्षणातले उत्तर हा फक्त आरंभ. मग जुनी वर्तमानपत्रे, रोजनिश्या, कादंबऱ्या, पत्रे यांतून तो शब्द पहिल्यांदा कुठे दिसतो हे शोधायचे, आणि मगच नोंद पक्की करायची. ज्यांना हा वेग संथ वाटतो त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोश आठवावा. त्याचे काम १९४८ साली सुरू झाले आणि ते अजून 'अ'मध्येच आहे. कोशकारांचे घड्याळ निराळे असते आणि ते तसेच असायला हवे, असे माझे मत आहे.

या वर्णक्रमाने शीतपेयाच्या बाबतीत एक मजा केली. एका साध्या प्रश्नाची उत्तरे सत्तावीस वर्षांत विखुरली. 'कोक' आणि 'कोल्ड ड्रिंक' यांचे 'सी' हे अक्षर १९८५मध्ये आले. 'डोप'चे 'डी' १९९१मध्ये. 'पॉप'साठी २००२ उजाडावे लागले. 'सोडा' आणि 'टॉनिक' शेवटच्या, २०१२च्या खंडात. एका टेबलावर शेजारी ठेवलेल्या बाटल्या वाचकाच्या हाती यायला एक पिढी गेली.

या शब्दांची वाटणी आता बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. ईशान्येकडे 'सोडा', मध्यपश्चिमेत 'पॉप', दक्षिणेत 'कोक'. दक्षिणेतला माणूस 'कोक घेणार का?' विचारतो, समोरचा 'हो' म्हणतो, आणि मग पुढचा प्रश्न येतो, 'कुठला?' हा विनोद तिथे फार जुना आहे. पण खरी गोडी अपवादांत आहे. सेंट लुईस आणि मिलवॉकी ही शहरे 'पॉप'च्या मुलखात वसूनही 'सोडा' म्हणतात. म्हणजे कोश जिथे घडत होता त्या विस्कॉन्सिनमध्येच पूर्वेला 'सोडा' आणि पश्चिमेला 'पॉप'. बॉस्टनच्या आसपास जुनी माणसे 'टॉनिक' म्हणत. आपल्याकडचा माणूस हे ऐकून तिथे कोण आजारी आहे असे विचारील. 'पॉप' मुळात इंग्लंडचा. बूच उडताना होणाऱ्या आवाजावरून ते नाव पडले असे कवी रॉबर्ट साउदी यांनी १८१२ सालीच एका पत्रात लिहून ठेवले आहे.

'डोप'ची कथा सर्वांत रंगतदार. कॅरोलायना राज्यांत कोका-कोलाला हे नाव होते, आणि कापडगिरण्यांत खाण्यापिण्याचे जिन्नस घेऊन फिरणाऱ्या गाडीला 'डोप वॅगन' म्हणत. कोका-कोला अटलांटात १८८६ साली जन्मली, दक्षिणेत तिचा बोलबाला झाला, आणि लोकांनी तिची टोपणनावे पाडली. कंपनीला ती खपत नव्हती. टोपणनावाने मागाल तर दुकानदार दुसरीच बाटली हाती देईल, पुरे नाव घेऊन मागा, असे ती जाहिरातींतून बजावत असे. नेमकी 'कोक' नावाचीच दुसरी कंपनी निघाली. रोमन लिपीत तिने 'सी'ऐवजी 'के' घातला होता. देवनागरीत तेवढाही फरक उरत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२० साली न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल कोका-कोलाच्या बाजूने दिला. 'डोप' शब्द वापरायला मात्र त्यांनी प्रतिवादीला मोकळीक ठेवली. गिरणीकामगारांच्या तोंडचा शब्द असा थेट वॉशिंग्टनच्या न्यायालयापर्यंत पोचला. पुढे १९४१पासून कंपनी स्वतःच जाहिरातींत 'कोक' म्हणू लागली आणि १९४५ साली तिने ते नाव नोंदवून टाकले. १९९३मध्ये ती भारतात परतली आणि नंतर 'थंडा' म्हणजे आमचेच पेय असे आपल्यालाच शिकवू लागली, हे या पार्श्वभूमीवर आठवले की हसू येते.

कॅसिडींनी पुरा कोश पाहिला नाही. २००० साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले तेव्हा चौथा खंडही निघायचा होता. 'चला, झेडपर्यंत!' अशा अर्थाचे त्यांचे आवडते वाक्य त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहे. काम जोन ह्यूस्टन हॉल यांनी पुढे नेले. त्या १९७५पासून तिथे होत्या आणि प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक कोश त्यांच्या नजरेखालून गेला. पाचवा खंड २०१२ साली आला. त्यातली शेवटची नोंद 'झायडेको', लुइझियानातल्या एका संगीतप्रकाराची. नकाशे आणि उत्तरे यांचा सहावा खंड २०१३मध्ये निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोश संगणकावर उपलब्ध झाला.

असल्या कोशाचा उपयोग काय, हा प्रश्न पैसे देणारा नेहमी विचारतो. भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांच्याकडे एकदा अपहरणातली खंडणीची चिठ्ठी आली होती. तीत रस्ता आणि पदपथ यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला 'डेव्हिल स्ट्रिप' म्हटले होते. हा शब्द ओहायोतल्या अॅक्रन परिसराचा. त्यावरून संशयितांतला नेमका माणूस शोधणे सोपे गेले. नटांना उच्चार शिकवणारे, खेड्यातल्या रुग्णाच्या तक्रारीचा अर्थ न कळणारे डॉक्टर, कादंबरीकार, अशा सगळ्यांनी 'डेअर'चे दार ठोठावले आहे.

तरीही पैसा आटला. सरकारी अनुदाने आणि मेलनसारखी प्रतिष्ठाने यांच्या बळावर पन्नास वर्षे रेटलेला हा प्रकल्प कोश पूर्ण होताहोताच अडचणीत आला. डिसेंबर २०१३मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने जॉश कॅट्झ यांची एक प्रश्नमंजूषा प्रसिद्ध केली. तुम्ही शीतपेयाला काय म्हणता वगैरे सांगा, तुमचे गाव आम्ही सांगतो, असे तिचे स्वरूप. त्यामागे बर्ट वॉक्स यांचे हार्वर्डमधले सर्वेक्षण होते. त्यात तीस हजारांवर लोकांनी भाग घेतला होता आणि निम्म्याहून अधिकांनी 'सोडा' म्हटले होते. ती प्रश्नमंजूषा त्या वर्षीचे त्या दैनिकाचे सर्वाधिक पाहिले गेलेले पान ठरली. लोकांना विषयाची आवड नव्हती असे मुळीच नाही. त्याच महिन्यात मेडिसनमधल्या कोशकारांना पुढच्या पगाराची विवंचना होती. २०१५मध्ये हॉल निवृत्त झाल्या, जॉर्ज गोबेल संपादक झाले, आणि दर तिमाहीला थोड्या नव्या-सुधारित नोंदी घालण्याचे काम उरले.

शिकागोला उतरलेला मराठी विद्यार्थी 'पॉप' ऐकतो, टेक्सासला गेलेला 'कोक' ऐकतो, आणि दोघेही घरी फोनवर 'कोल्ड्रिंक' म्हणतात. आपल्याकडे हे काम कुणी केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) वऱ्हाडी, नागपुरी, गोव्याकडचा अशा खुणा शब्दागणिक आहेत. 'डेअर'ची मुले गाड्यांतून हिंडत होती त्याच दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी अशा बोलींची सर्वेक्षणे प्रसिद्ध केली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगाव जाऊन मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. त्यांची माणसे सगळ्या गावांत पोचणार नाहीत. तेव्हा आपल्या आजोळच्या रसवंतीवर, बाजारात, चुलीपाशी जो शब्द वेगळा वाटेल तो लिहून ठेवा, आणि शेजारी गाव, बोलणाऱ्याचे वय आणि वर्ष लिहायला विसरू नका; एवढे नसेल तर तो शब्द कोशकाराच्या उपयोगाचा नाही.