न फुटलेला दारूगोळा आणि भूमीची सुरक्षितता : मुंबई गोदी स्फोटाच्या संदर्भात

दि. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीत चढविलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. आग स्फोटकांपर्यंत पोहोचली व सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

इतिहासलेखनात ही घटना बहुधा येथेच संपते. प्रत्यक्षात काही दारूगोळा न फुटताच गोदीच्या गाळात रुतला. पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना सोन्याच्या विटा सापडत राहिल्या आणि २०११ मध्ये, म्हणजे तब्बल ६७ वर्षांनी, सुमारे ४५ किलो वजनाचा जिवंत तोफगोळाही वर आला.

यावरून जोखीम मोजण्याचे सूत्र स्पष्ट होते. केवळ गोळ्यांच्या संख्येवरून धोका ठरत नाही. माणूस आणि गोळा यांची गाठ पडण्याची शक्यता किती, यावर तो ठरतो. गाळात पडून राहिलेला गोळा उपसणी सुरू होताच धोकादायक बनतो. अहिल्यानगरजवळील के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्रात धोका सर्वज्ञात आहे. तरीही भंगार वेचून पोट भरणाऱ्या आसपासच्या ग्रामस्थांचे तेथे बळी गेले आहेत. तेथे केवळ सूचनाफलक पुरेसे नाहीत. सरावानंतरची तपासणी व पर्यायी रोजगार या दोहोंची जोड हवी.

गोदीसारख्या ठिकाणी मात्र पहिला उपाय म्हणजे नोंद. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. अशा प्रत्येक जमिनीत दारूगोळा असेलच असे नाही; परंतु पूर्वीचा वापर तपासल्याविना तो नाही असेही म्हणता येत नाही. खोदकामापूर्वी जुने नकाशे व लष्करी कागदपत्रे पाहणे, संशयित क्षेत्राची यंत्राद्वारे चाचपणी करणे आणि संशयास्पद वस्तू दिसताच तिला हात न लावता पोलिसांना कळविणे, हा क्रम आवश्यक ठरतो.

सारांश, स्थानिक इतिहासाची नोंद ही सार्वजनिक सुरक्षिततेचीही गरज आहे. भूमीचा पूर्वेतिहास विस्मृतीत गेला, तरी तिच्या पोटातील स्फोटके निष्प्रभ होत नाहीत.