गारपिटीचा विमा दावा नाकारल्यास लोकपालांकडे दाद

गारपिटीत घराचे पत्रे वा कौले फुटल्यास विमा दाव्यात बहुधा एकच प्रश्न कळीचा ठरतो : तडे गारांमुळे गेले की जुन्या झिजेमुळे? झिजेची भरपाई विम्यात मिळत नाही. त्यामुळे दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, हवामान विभागाची नोंद आणि सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत निर्णायक ठरू शकते. दावा फेटाळला गेल्यास प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तर अमान्य असल्यास किंवा महिनाभरात न मिळाल्यास विमा लोकपाल नियम, २०१७ नुसार वर्षभराच्या आत लोकपालांकडे निःशुल्क दाद मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असल्यास तक्रार स्वीकारली जात नाही.