निकालपत्र वर्गात आले, त्याची कुळकथा

1870च्या शरद ऋतूत हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये करारकायद्याचा वर्ग भरला. शिकवायला होता नवा डीन, ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल. त्याने व्याख्यान सुरूच केले नाही. एका विद्यार्थ्याला नावाने हाक मारून त्याने ‘पेन विरुद्ध केव्ह’ या खटल्याची हकिकत सांगायला लावली. मग विचारले, वादीचे म्हणणे काय? प्रतिवादीचे काय? न्यायालयाचे कारण तुम्हाला पटते का? जगभर ‘केस मेथड’ म्हणून ओळखली जाणारी अध्यापनपद्धती या प्रश्नांतून सुरू झाली.

तो खटला 1789चा, इंग्लंडमधला. दारू गाळण्याच्या भट्टीचे सामान लिलावाला निघाले होते. एकाने 40 पौंडांची बोली लावली आणि हातोडा पडायच्या आत ती मागे घेतली. पुढे माल कमी किमतीत गेला, तेव्हा विक्रेत्याने त्याच्यावर दावा लावला. न्यायालय म्हणाले, बोली हा नुसता प्रस्ताव आहे. हातोडा पडला की स्वीकार होतो, तोवर बोली मागे घेता येते. पाठ्यपुस्तकात हा नियम दोन ओळींत संपतो. पण लिलावाची हकिकत वाचून तो स्वतः शोधून काढला, की हातोडा नसलेल्या व्यवहारात स्वीकार नेमका कुठे होतो, हा पुढचा प्रश्न आपोआप डोक्यात येतो. या पद्धतीचे सगळे बळ मला त्या पुढच्या प्रश्नात दिसते.

त्याआधी अमेरिकेत बहुतेक जण वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून, मसुद्यांच्या नकला उतरवत कायदा शिकत. कॉलेजात व्याख्याने ऐकायची आणि नेमलेली पुस्तके वाचायची. हार्वर्डची कायद्याची पदवी तर ठरावीक काळ हजेरी लावली की मिळे, परीक्षाच नव्हती. 1869मध्ये चार्ल्स एलियट हा रसायनशास्त्रज्ञ विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि त्याने न्यूयॉर्कमध्ये वकिली करणाऱ्या लँगडेलला बोलावून घेतले. लँगडेलच्या मते कायदा हे शास्त्र होते आणि ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा. 1871मध्ये त्याने करारविषयक निकालांचा संग्रह छापला. लेखी परीक्षा आणल्या, अभ्यासक्रम आधी दोन आणि पुढे तीन वर्षांचा केला.

विद्यार्थ्यांना हे अजिबात रुचले नाही. गुरुजी कायदा सांगतच नाहीत, उलट आम्हालाच विचारतात, अशी तक्रार होती. वर्ग ओस पडला, मूठभर मुले टिकली. पण या मंडळींची तयारी पुढे उठून दिसू लागली. 1873मध्ये लँगडेलने जेम्स बार एम्स या तरुणाला सहायक प्राध्यापक म्हणून घेतले. एम्सला वकिलीचा अनुभव जवळपास नव्हता, पण त्याला शिकवता येत होते. या नेमणुकीने कायद्याचे अध्यापन हा स्वतंत्र व्यवसाय ठरला. 1890मध्ये विल्यम कीनर ही पद्धत कोलंबिया विद्यापीठात घेऊन गेला. तिथे वाद इतका पेटला की जुन्या पद्धतीच्या शिक्षकांनी बाहेर पडून 1891मध्ये न्यूयॉर्क लॉ स्कूल काढले.

लँगडेलच्या पद्धतीत एक उणीव मात्र पहिल्यापासून होती. निकालपत्रात वाद संपलेला असतो. जो अशील घाबरत, अर्धवट कागद घेऊन येतो, तो त्यात कुठेच भेटत नाही. 1933मध्ये जेरोम फ्रँक या अमेरिकन कायदेतज्ज्ञाने नेमके यावर बोट ठेवले. डॉक्टर जसे रुग्णाजवळ उभे राहून शिकतात तसे वकिलांनी अशिलाजवळ शिकावे, असे त्याचे मागणे होते. कॉलेजांतली विधिसाहाय्य केंद्रे या विचाराने वाढली. खुद्द हार्वर्डनेही 2006मध्ये पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला आणि पुढे प्रत्यक्ष अडचणी सोडवण्याची कार्यशाळा सक्तीची केली.

भारतात केस मेथड ठामपणे रुजवली ती एन. आर. माधव मेनन यांनी. त्यांच्या नेतृत्वाखाली 1988मध्ये बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी सुरू झाली. बारावीनंतर पाच वर्षे, आधी निकाल वाचून यायचे, वर्गात प्रश्नोत्तरे, आणि जोडीला मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) व विधिसाहाय्य. म्हणजे लँगडेल आणि फ्रँक दोघेही एकाच छपराखाली आले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठे याच वाटेवरची आहेत.

पण आपल्या अनेक लॉ कॉलेजांत मुले आजही नोट्स आणि गाईडवर पदवी काढतात. ज्या निकालाचे नाव उत्तरपत्रिकेत लिहितात, तो त्यांनी उघडलेलाही नसतो. याला मुलांपेक्षा वर्ग जास्त जबाबदार आहे, असे मी मानतो. आता पुस्तक महाग असल्याची सबबही उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023पासून आपले निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुले केले आहेत आणि कित्येकांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. शिक्षकांनी पुढच्या तासाला त्यातला एक निकाल आधी वाचून यायला सांगावा, आणि वर्गात पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारावा.