विश्वशांती स्तूप, वर्धा

वर्ध्याजवळ गोपुरी येथे गीताई मंदिराच्या शेजारी असलेला जपानी बौद्ध स्तूप. पांढऱ्याशुभ्र घुमटावर चार दिशांना बुद्धाच्या मूर्ती आहेत. लगतच जपानी बौद्ध मंदिर आणि बाग आहे. 

स्तूप निप्पोन्झान म्योहोजी या जपानी बौद्ध संघाचा. त्याचे संस्थापक भिक्षू निचिदात्सु फुजी (१८८५–१९८५) क्यूशू बेटावरचे. बुद्धाच्या भूमीत त्याचा धर्म पुन्हा रुजावा या ध्यासाने ते १९३१ मध्ये भारतात आले आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींना भेटले. फुजी गुरुजी हे त्यांचे नाव इकडे रूढ झाले.

पुढे याच संघाचा एक भिक्षू वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात राहिला. मूठ असलेले छोटे सपाट ढोलके वाजवीत तो सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राला वंदन करणारा मंत्र म्हणे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला आणि इंग्रज सरकारने या भिक्षूला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला अनावृत पत्र लिहिले. त्यात चीनवरील आक्रमणाचा कडक निषेध आहे, आणि त्याच पत्रात या भिक्षूची आठवण जिव्हाळ्याने काढलेली आहे. त्याचे ढोलके आश्रमातच राहिले होते. त्या ढोलक्याच्या साथीने सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होई. भिक्षूचा तो मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही आहे. युद्धकाळातही तो वगळला गेला नाही, ही गांधीजी आणि या संघाच्या नात्यातली सर्वांत मोठी गोष्ट होय.

हिरोशिमा-नागासाकीनंतर फुजींनी शांतिस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. पहिला १९५४ मध्ये जपानमधील कुमामोतोत, तर भारतात राजगीरचा १९६९ मध्ये झाला. वर्ध्याचा स्तूप त्यांच्या निधनानंतरचा. राजगीरचा स्तूप डोंगरावर असल्याने अधिक भव्य दिसतो. फुजी आणि गांधीजींचे नाते मात्र वर्ध्यातच नीट उमगते. त्यासाठी स्तूपाबरोबर सेवाग्रामची सायंप्रार्थना अवश्य ऐकावी.

शेजारच्या गीताई मंदिराला छत नाही, मूर्तीही नाही. उभ्या शिळांवर गीताई, म्हणजे विनोबा भावे यांनी केलेला गीतेचा मराठी अनुवाद, कोरलेली आहे. धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम आहे. हस्तकलांची आवड असणाऱ्यांनी वर्ध्यातील मगन संग्रहालयासाठी वेगळा वेळ ठेवावा. १९३८ मध्ये गांधीजींनी उघडलेल्या या संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारे पाहायला मिळतात.